रिकामी बत्तीस घरं

५ फेब्रुवारी, सोमवार

बारक्या,

आशीर्वाद लिहायला घेतला होता, पण नऊ वर्षं तोंड न पाहिलेल्या भावाला कुठल्या तोंडाने आशीर्वाद द्यायचा, म्हणून खोडला. हा पत्ता आई गेल्यावर तू टाकलेल्या कार्डावरचा आहे. तीनच वाक्यं होती. नोकरी लागली, खोली मिळाली, काळजी नसावी. त्यानंतर तू जो गप्प झालास तो झालासच. मीही मेली हट्टी, मीही लिहिलं नाही. आज लिहितेय कारण काल एक प्रकार घडला आणि तो सांगायला तुझ्याशिवाय मला कुणी नाही.

आधी हे कळव की तू आहेस. धडधाकट आहेस. कोऱ्या कार्डावर नुसती सही करून टाकलीस तरी चालेल. हे पहिल्यांदा लिहितेय, कारण पुढचं वाचून तुला वाटेल ताईचं डोकं फिरलंय.

मी अजून तिथेच आहे, हॉस्पिटलच्या तळघरात, कान तपासायच्या खोलीत. काचेपलीकडे पेशंट, कानावर हेडफोन, हातात बटण. मी बारीक बारीक शिट्ट्या सोडायच्या, ऐकू आली की त्याने बटण दाबायचं. माझ्या पेशंटांत एक सत्तरीच्या बाई आहेत, पियानो वाजवतात, सगळे त्यांना मॅडम म्हणतात. त्यांना श्रवणयंत्र दिलं तर दर आठवड्याला तक्रार. "इथे सगळं छान ऐकू येतं हो. तिथे पियानोवर बसलं की ताटल्या पडल्यासारखं वाटतं. एकदा येऊन तर बघा." म्हणून त्या ज्या बँडमध्ये वाजवतात तिथे गेले. योगायोगाने तो तुझाच जुना बँड निघाला.

खाली लाकडाची वखार, वर हॉल. रविवारी दुपारी चारची वेळ. तीसेक घडीच्या खुर्च्या, सगळीकडे भुशाचा वास. जॅझमधलं मला ओ की ठो कळत नाही हे तुला सांगायला नको. तू घरी सराव करायला लागलास की मी दार आपटून लावायची. काल मात्र पाय काढता येईना. एकाने पुढे होऊन आपलं म्हणणं मांडायचं, बाकीच्यांनी हं हं करत साथ द्यायची, त्याचं संपलं की लोकांनी टाळ्या वाजवायच्या, मग पुढचा. बरं वाटलं मला ते. आपल्या घरात कधी कुणी कुणाचं असं पूर्ण ऐकून घेतलं होतं?

पियानो झाला, टाळ्या. बास झाला, टाळ्या. मग क्लॅरिनेट सुरू झाली. मी मान खाली घालून मॅडमच्या यंत्राच्या नोंदी लिहीत होते, त्यामुळे वाजवणाऱ्याकडे पाहिलं नाही. पण बारक्या, काय वाजवत होता तो! आधी नुसता विचारल्यासारखा एक सूर, मग तोच जरा चढवून, मग सरळ जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उतरत खाली. मिनिटभर चाललं असेल. संपलं तशी मी वही मांडीवर टाकली आणि जोरात टाळ्या वाजवल्या.

एकटीनेच. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. बासवाल्याचा हात तारांवर तसाच थांबलेला. आणि स्टेजवर क्लॅरिनेट कुणाकडेही नव्हती. एक स्टूल होतं, रिकामं.

नंतर मॅडमनी सांगितलं. प्रत्येक रविवारी एका ट्यूनमध्ये ते बत्तीस घरं रिकामी सोडतात. घर म्हणजे चार ठोके, एवढं मला आता कळतं. त्या बत्तीस घरांत कुणीही वाजवत नाही, पायानेसुद्धा ठेका धरत नाही. जो तो मनात मोजतो आणि तेहतिसाव्या घरात सगळे एकदम परत येतात. ती जागा त्यांच्या जुन्या क्लॅरिनेटवाल्याची. नऊ वर्षं सोडतायत.

"नऊ वर्षांत तिथे कुणी टाळी वाजवली नव्हती," मॅडम म्हणाल्या. मी तुझी बहीण आहे हे मी त्यांना सांगितलं नाही.

सही करून कार्ड टाक.

ताई


१९ फेब्रुवारी, सोमवार

बारक्या,

कार्ड नाही. पत्रही परत आलं नाही. म्हणजे कुणीतरी ते घेतंय आणि ठेवून देतंय. तूच असशील तर भाव खाणं पुरे.

मी पुन्हा गेले. दोनदा. यंत्राचं निमित्त आता कशाला सांगू, मॅडमचं यंत्र पहिल्याच दिवशी जमलं होतं. मला ते गाणं ऐकायचं असतं. वयाच्या बावन्नाव्या वर्षी तुझ्या ताईला जॅझ आवडायला लागलंय, हस आता पोट धरून. एक तबकडी विकत आणली होती, घरी लावून पाहिली. छे! तिथे माणसं नाहीत. समोर बसलं की दिसतं, बासवाला (तो खालच्या वखारीतलाच सुतार आहे) एखादा कठीण घास घेण्याआधी खालचा ओठ चावतो, आणि ड्रमवाला ते बघून गालात हसतो आणि त्याला अडवायला मुद्दाम ठोका उशिरा टाकतो. परवा मॅडमचं बोट चुकून भलत्याच पट्टीवर पडलं. मी मनात म्हटलं, झाली फजिती. बाईंनी काय करावं? तोच चुकीचा सूर पुन्हा वाजवला. मग तिसऱ्यांदा, आणखी ठासून. आणि सुताराने खालून असा काही आधार दिला की ती चूक राहिलीच नाही, सगळं गाणं तिच्याच अंगाने गेलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चूक झाल्यावर तिच्यासोबत पुढे जाता येतं हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. माझ्या कामात चूक झाली की कागद फाडतात.

आणि तू वाजवतोस. दोन्ही रविवारी वाजवलंस. या खेपेला मी डोळे उघडे ठेवून बसले होते. सगळे थांबतात. पहिल्यांदा आलेली माणसं चुळबुळ करतात, कुणीतरी खोकतं. आणि त्या स्टुलाच्या जरा वरून, जिथे बसलेल्या माणसाचं तोंड यावं तिथून, क्लॅरिनेट सुरू होते. स्टुलाखालच्या फळीवर ऊन पडलेलं मला स्पष्ट दिसतं. गेल्या रविवारचं वाजवणं आणि त्याआधीचं, एक नाही. ट्यून तीच, म्हणणं निराळं. मनाचे खेळ असते तर मला तेच तेच ऐकू आलं असतं ना? मला कुठून सुचणार नवं?

तू म्हणशील, ताई, तूच सांगायचीस की माणसं न वाजलेलंही ऐकतात. खरं आहे. तपासताना मी मध्येच काही न सोडता नुसती थांबते. ज्याला फार आशा असते तो त्या शांततेतही बटण दाबतो. आम्ही त्याला खोटा होकार म्हणतो. म्हणून मी काय केलं, आमच्याकडच्या नव्या मुलीला म्हटलं, माझे कान तपास. आत बसले, दार लावलं. सोपं काम, वीस मिनिटांचं. बाहेर आले तर पोरीचा चेहरा उतरलेला.

"कान उत्तम आहेत तुमचे," ती म्हणाली. "पण मध्ये मी मिनिटभर काहीच सोडलं नव्हतं. तुम्ही बटण दाबून धरलं होतं."

"कुठल्या कानात?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

त्या बंद खोलीतही तूच होतास, बारक्या. त्या खोलीत, त्याच खुर्चीत तू एकदा बसला होतास. त्या दुपारबद्दल मी लिहिणार नाहीये.

जिवंत आहेस ना रे? कळव.

ताई


४ मार्च, सोमवार

बारक्या,

आज जरा घाबरून लिहितेय, अक्षराकडे बघू नकोस.

तुझ्या वाजवण्यातून काहीतरी कमी होत चाललंय. पंधरा दिवसांपूर्वी मला वाटलं, मीच लांब बसलेय. पुढच्या रविवारी पहिल्या रांगेत बसले. सूर होते, पण सुरातली धार गेली होती. जीभ क्लॅरिनेटच्या तोंडाशी असलेल्या पट्टीवर आपटते तो बारीक टच् असा आवाज, फुंकरीतली ती सळसळ, काही नाही. घोंगडीखालून वाजवल्यासारखं. काल त्याच्याही पुढे गेलं. वरच्या जागेवर गेलास की सूर नाहीसा व्हायचा. वाजवणं थांबत नव्हतं, हं. तू वर जात होतास, तिथे काहीतरी करत होतास, आणि खाली आलास की पुन्हा ऐकू यायचास. मधली जागा नुसती हवा.

इतरांना मी विचारलं, "तुम्हाला काय ऐकू येतं?" सुतार म्हणाला, "ताई, आम्हाला मोजायचं असतं. ऐकत बसलो तर घर चुकेल." मॅडमनी माझा हात धरला आणि त्या म्हणाल्या, "मेलेल्यांसाठी आम्ही जागा सोडत नाही. त्यांच्यासाठी एकदा वाजवतो आणि संपलं. जागा सोडायची ती यायच्या माणसासाठी." मग त्यांनी सरळ विचारलं, "तुम्ही त्याच्या कोण?"

सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. म्हणाल्या, तुमचं नाक सांगतं. मग पुढचं सगळं सांगितलं. म्हणाल्या, "जहाजावरच्या बँडची नोकरी ठरली होती त्याची. निघायच्या आठवडाभर आधी आला, क्लॅरिनेट पेटीत घालून. म्हणाला, माझे कान गेले, बहिणीने तपासले, वर्ष-दीड वर्षात काही उरणार नाही. म्हणाला, बेसूर होऊन तुमच्यात बसण्यापेक्षा आताच उठतो. आमच्या बँडमध्ये तोच एक असा होता की वखारीतली करवत कुठल्या सुरात चालते ते वर बसून सांगायचा. आणि त्याचे कान गेले!"

मी नुसतं "हो, वाईट झालं," म्हटलं.

आता कबूल करते. योगायोग वगैरे काही नव्हता. तुझा बँड कुठे बसतो हे मला नऊ वर्षांपूर्वीपासून ठाऊक होतं. मॅडम पहिल्यांदा माझ्या खोलीत आल्या तेव्हाच ओळखलं त्यांना, तुझ्या फोटोत होत्या. वर्षभर टाळत होते. पाय ओढत होते आणि मी टाळत होते.

आणि जे हरवतंय ते कसं हरवतंय तेही मला ठाऊक आहे. आधी आठ हजार, मग सहा, मग चार. म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांचे सूर, सगळ्यांत उंच आधी. हे आकडे तुला आठवतील. तुला दिलेल्या कागदावर होते. उताराची रेघ होती ना, उजवीकडे घसरत गेलेली? तुझं वाजवणं त्या रेघेवरून घसरतंय, बारक्या. एकेका रविवारी एकेक पायरी. तुझी नऊ वर्षं मला एकेका दुपारी ऐकवली जातायत.

पुढचं आज लिहवत नाही.

ताई


१८ मार्च, सोमवार

बारक्या,

काल एकच खालचा सूर उरला होता. बाकी नुसत्या चाव्यांचा आवाज. क्लॅरिनेटच्या चाव्या दाबल्या-सोडल्या की होतो तसा, टक, टकटक. पुढे तेही विरलं. मी पुढे वाकून कान लावून बसले होते, शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, बरं नाही का वाटत? तेहतिसाव्या घरात सगळे एकदम परत आले तेव्हा मी खुर्चीतून उडालेच.

एरवी मी त्या परत येण्याचीच वाट बघायची. मिनिटभर मुकं राहून सगळी माणसं एकाच क्षणी एकाच ठोक्यावर उभी राहतात, त्यासारखं दुसरं सुख मला अलीकडे माहीत नव्हतं. काल त्या टाळ्यांमध्ये मी बाहेर आले आणि वखारीच्या फळ्यांवर बसून रडले. सुतार बाहेर आला, फळीवरचा भुसा हाताने झाडून माझ्याजवळ बसला. मग म्हणाला, "जायचं असेल तर जाऊन या. पत्रांनी हाक पोचत नसते."

मी गुरुवारी येतेय. हे पत्र माझ्या आधी पोचलं तर पळून जाऊ नकोस. मला तुला काही सांगायचंय आणि ते तोंडाने सांगायचंय. शिव्या घालायच्या असतील तर घाल, दार मात्र उघड.

ताई


२३ मार्च, शनिवार

बारक्या,

मी आले होते. तू पाहिलं नाहीस. सगळं सांगते.

दार घरमालकीणबाईंनी उघडलं. भल्या बाई आहेत. चहा दिला, तुझं कौतुक केलं. वेळेवर भाडं, कधी कुणाला आत आणणं नाही. माझी पत्रं कोनाड्यात नीट रचून ठेवलेली दिसली. फोडलेली नव्हती. बाई म्हणाल्या, "आलं पत्र की हातात घेऊन बघतो, वास घेतो आणि ठेवून देतो. म्हणतो, एकदम वाचेन." तू आहेस एवढं कळलं आणि मी कप खाली ठेवला.

मग त्या म्हणाल्या, "बिचाऱ्याला ठार ऐकू येत नाही. पाटीवर लिहून बोलतो आम्ही. पण बघा, वाद्य किती आवडतं! रविवारी चारला खिडकीशी बसतो, ती काळी क्लॅरिनेट तोंडाला लावतो. फुंकत नाही मात्र. नुसती बोटं. मिनिटभर. मग पुसून पेटीत ठेवतो. आवाज होतो तो चाव्यांचा, तोही अलीकडे होत नाही, इतकी हलकी बोटं झालीत."

चहा तसाच ठेवून मी उठले. पत्र्याचे डबे बनवायच्या कारखान्यात तू असतोस असं बाईंनी सांगितलं, तिथे गेले. मुकादमाला म्हटलं, बहीण आहे मी. त्याने आत सोडलं. काय तो गोंगाट! तिथे धडधाकट कानांचा माणूस वर्षभरात बहिरा होईल. बाकीच्यांच्या कानात बोळे होते, तुझ्या नव्हते. गरज काय, असं वाटत असेल तुला. तू पाठमोरा होतास. केस पांढरे झालेत रे. डबा उचलायचा, झाकण बसवायचं, पुढे सरकवायचा. मान हलत नव्हती.

मग जेवणाची सुट्टी झाली. यंत्रं बंद पडली. एकदम शांत झालं, माणसं जेवणाचे डबे घेऊन बाहेर गेली आणि तू तिथेच बसून हात पुसत राहिलास. मी तुझ्या मागे चार हातांवर उभी होते. हाक मारली. तुझ्या नावाने, मग बारक्या म्हणून. मग आईसारखी मारली, चढ्या आवाजात, "एऽ बाळा!" काही नाही. तिथे एक पत्र्याचं झाकण होतं, ते उचलून फरशीवर टाकलं. लांब दारात उभा असलेला मुकादम दचकला. तुझा खांदासुद्धा हलला नाही.

अठ्ठावीस वर्षं मी हे काम करतेय. ढोंग करणारा माणूस मला पाठीवरून कळतो. त्याच्या मानेला आवाज कळतो, तो कितीही लपवू दे. तुझ्या मानेला काही कळलं नाही.

तू वळला असतास तर मी बोलले असते. तू वळला नाहीस आणि मी पळाले. स्टेशनवर येईपर्यंत मागे बघितलं नाही. एवढी दांडगी तुझी ताई, सगळ्या वॉर्डला धाकात ठेवणारी, आणि भावाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले नाही.

उद्या चारला मी हॉलवर जाणार नाही. घरी बसून लिहिणार आहे. तोंडाने सांगायचं होतं ते आता कागदावरच सांगावं लागणार. दुसरा रस्ताच ठेवला नाही मी.

ताई


२४ मार्च, रविवार

बारक्या,

हे पत्र बाकीच्यांच्या आधी वाच. पाकिटावर लाल पेन्सिलीने लिहिलंय तसं.

तुझे कान चांगले होते.

त्या दुपारी तू जहाजवाल्यांसाठी दाखला मागायला आलास. कानावर हेडफोन लावून बसलास आणि काचेतून मला वेडावून दाखवलंस. मी तपासलं. इतके स्वच्छ कान मी त्याआधी पाहिले नव्हते, नंतरही नाही. जी शिट्टी लहान मुलांनाच ऐकू येते ती तू पटकन टिपत होतास. रेघ सरळ आली, वरच्या कडेला चिकटून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी दोन वेळा केलं, कारण मलाच खरं वाटेना. आणि कागद हातात धरून बसले असताना माझ्या मनात आलं, हा आता जाणार. दोन वर्षं. आणि मी अंथरुणाला खिळलेल्या आईची कूस बदलत राहणार, सकाळी, दुपारी, ड्यूटी करून आल्यावर. एकटी. तू दर महिन्याला फोटो पाठवशील, आई ते उशाशी ठेवेल आणि मला म्हणेल, बघ माझा मुलगा.

मी दुसरा कागद घेतला. उतार काढला. आठ हजार, सहा, चार. हात कापला नाही माझा. तुला बोलावलं, कागद दाखवला, म्हटलं, "फार दिवस नाहीत." तू विचारलंस, "ताई, नक्की?" मी म्हटलं, "कागद खोटं बोलतो का?"

एवढंच. एवढंच मी केलं. मला वाटलं होतं, आई आहे तोवर. आई गेली की सांगेन, चूक झाली, यंत्र बिघडलं होतं, पुन्हा तपासू. आठ महिन्यांनी आई गेली आणि चौथ्या दिवशी तुझी खोली रिकामी होती. मग तुझं कार्ड आलं, काळजी नसावी. कार्डावर पत्ता होता, बारक्या. त्याच दिवशी चार ओळी लिहून टाकल्या असत्या तर? मी लिहिल्या नाहीत. लाज वाटली. उद्या लिहू, परवा लिहू करत नऊ वर्षं काढली, आणि तू तिकडे माझ्या शब्दाला जागून एकेक सूर सोडत बसलास.

सोबत खरा कागद जोडलाय. तारीख आणि शिक्का बघ. फाडला नव्हता मी तो, का ते विचारू नकोस. आणखी एक सांगते, कामाचं. असं होतं कधीकधी. कान धड असतात आणि माणसाला ऐकू येत नाही, कारण त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं की येणार नाही. ते परत येतं. मी परत आलेलं पाहिलंय. बटण न देता तपासायचं यंत्रही आता आहे, ते माणसाला विचारत नाही, थेट कानालाच विचारतं. तू ये. किंवा मी घेऊन येते. मला माफ करू नकोस हवं तर, पण ऐकायला लाग. तुझी माणसं दर रविवारी अंग चोरून तुझी जागा सोडतात. काय वाजवायचास रे तू. मी घरात असताना एकदाही ऐकलं नाही, आणि आता त्याशिवाय मला आठवडा जात नाही.

चार वाजून गेले. इथे काही ऐकू आलं नाही.

ताई


१३ एप्रिल, शनिवार

ताईस,

सगळी पत्रं मिळाली. लाल पेन्सिलवालं आधी वाचलं, मग बाकीची क्रमाने. वर्षानुवर्षं इतकं कुणी माझ्याशी बोललं नव्हतं. बाई म्हणाल्या, कुणी बाई येऊन अर्धा चहा टाकून गेली. मी लगेच ओळखलं. तू कधी कप पुरा केला आहेस?

मॅडम अजून वाजवतात हे वाचून फार बरं वाटलं. त्यांची चूक तीनदा वाजवायची सवय मी दिलेली आहे, त्यांना विचार. आणि तुला आमचं गाणं आवडायला लागलं! हे मी दोनदा वाचलं. आई असती तर म्हणाली असती, सूर्य कुठे उगवला? जात जा. माझ्या वाटची ऐक.

तू पाठवलेला कागद खिडकीशी नेऊन बघितला. सुरेख सरळ रेघ आहे. मग तू लिहिलंस म्हणून पेटी उघडली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा फुंकलं. छाती भरून, जोर लावून, वरचा सूर. खालून बाई धावत आल्या, दारात उभ्या, दोन्ही कानांवर हात. पाटीवर लिहिलं, काय वाजलं हो हे! म्हणजे वाजलं असणार. माझ्या ओठांना कंप कळला. दुसरं काही नाही. मी आणखी एकदा फुंकलं, त्यांच्या तोंडाकडे बघत. मग पुसून ठेवून दिली.

तू हे सगळं का लिहिलंस ते न कळायला मी कुक्कुलं बाळ नाही. तुला कारखान्यात माझी पाठ दिसली, तुला भडभडून आलं. घरी जाऊन बसलीस आणि म्हटलंस, याला काहीतरी आशा देऊ. सगळं स्वतःच्या डोक्यावर घेतलंस. लहानपणी मी काच फोडली की तूच पुढे व्हायचीस, तसं. शिक्कासुद्धा मारलास जुन्या तारखेचा. तुझी माया मला कळते, ताई. पण इतकं करू नये. आईला मध्ये ओढून तर अजिबात नाही.

कागद तू तेव्हाही दाखवला होतास, आणि पुढे अक्षर न अक्षर तसंच झालं. आधी आठ हजार, मग सहा, मग चार. तू वेळेवर सांगितलंस म्हणून मी सावरलो, नाहीतर भर समुद्रात कान गेले असते. रोज मनात आभार मानतो मी तुझे. सगळ्या जगात माझ्याशी खरं बोललेली तू एकटी. आता या वयात माझ्याशी खोटं बोलायला लागू नकोस.

चहा पीत जा पूर्ण.

बारक्या